गाण्यांच्या मधल्या जागा

प्रिय घुम्या,

तू मागितलेली रेकॉर्ड मी पाठवत नाहीये, तिच्याऐवजी हे पत्र पाठवते आहे. नाक मुरडू नकोस. रविवारी जेवायला आलास तेव्हा शोधून ठेवते म्हणाले, ते साफ खोटं होतं. ती शोधावी लागत नाही. माझ्या पांघरुणांच्या कपाटात वरच्याच फळीवर आहे, आणि दार उघडलं की कव्हरवरचा लाल कोटातला माणूस माझ्याकडे बघून दात काढतो. तू म्हणालास, आता एकच गाणं राहिलंय, तेवढं रेकॉर्ड झालं की त्याची 'सर्वोत्तम गाणी' पुन्हा बाजारात येणार आणि या वेळी आवाज तुझा असणार. आनंद तुझ्या पोटात मावत नव्हता. मी तिथेच तुला अडवायला हवं होतं. पण तेवढ्यात पॅसेजमधला फोन वाजला, मी उठले, आणि ते राहूनच गेलं. कोणाचा फोन, असं तू विचारलंस, मी म्हटलं राँग नंबर. त्याबद्दल शेवटी लिहीन, आत्ताच लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस आणि मला वेड लागलंय असं समजून मोकळा होशील. आधी एवढंच सांगते, ते राहिलेलं गाणं हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय गाऊ नकोस. तुझा आवाज जायची वेळ आली आहे. बसतो तसा नाही, जातो तसा.

तू माझ्यावर चिडला आहेस, आणि चिडायला हवंसच. जुन्या रेकॉर्डवर बाबांनीच गायलं होतं ही गोष्ट तुला कंपनीच्या मॅनेजरने सांगावी, सख्ख्या बहिणीने नाही? तू तर बाबांना कायम पाटी-खडू घेऊनच बघितलंस. शाळेत तू सगळ्यांना सांगायचास की माझे बाबा मुके आहेत, आणि आई ते दुरुस्त करायची नाही. कंपनीने बाबांकडून लिहून घेतलं होतं की गायलं कोणी हे कुठे बोलायचं नाही. म्हणून आम्ही मिठाची गुळणी धरली, आणि नंतर नंतर तर त्या कागदाची गरजच राहिली नाही. बाबा गाणारे होते हे सांगितलं असतं तर मग ते बोलत का नाहीत तेही सांगावं लागलं असतं, आणि ते आम्हा दोघींना कधीच धड सांगता आलं नसतं.

भानगड अशी होती. लालकोट (आपल्या घरात त्याला दुसरं नाव नव्हतंच) तेव्हा गायचा बंद झाला होता. कुठे होता, कसा होता, कोणालाच पत्ता नव्हता. त्याची मूळ रेकॉर्डिंग एका कंपनीकडे अडकलेली, आणि ही दुसरी कंपनी, हिच्याकडे गाणी पुन्हा गाऊन घ्यायची परवानगी होती, पण गळा नव्हता. मग हुबेहूब गाणारा माणूस शोधायचा, कव्हरवर लालकोटाचा फोटो छापायचा, आणि मागे मुंगीच्या अक्षरात 'नवे ध्वनिमुद्रण' एवढं टाकायचं, की कायदाही खूश आणि गिऱ्हाईकही खूश. बाबा दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या बँडमध्ये गायचे. तिथे त्यांना मॅनेजरने हेरलं.

तुला बाबांचा स्वतःचा आवाज ठाऊकच नाही, म्हणून लिहून ठेवते. जरासा घोगरा, नुकतंच पडसं होऊन गेल्यासारखा. बोलताना शेवटचा शब्द खाली टाकून द्यायचे, जणू हातातली पिशवी ठेवतायत. आणि पाटी रंगवताना गुणगुणायचे. गाणं नाही, नुसता एक सूर. उभी रेघ ओढताना सूर खाली यायचा, वेलांटी काढताना वर चढायचा, अनुस्वाराला एक छोटंसं टिंब. मी पाठमोरी बसून डोळे मिटून सांगू शकायचे की आता कुठलं अक्षर चाललंय. आमचा तो खेळच होता, आणि मी फार कमी वेळा चुकायचे.

स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट मोठा काटेकोर माणूस. त्याने बाबांना पहिल्याच दिवशी एक पद्धत घालून दिली. सगळी गाणी होईपर्यंत आवाज अंगातून उतरवायचा नाही. दोन गाण्यांच्या मध्ये नाही, चहा पिताना नाही, घरीसुद्धा नाही. लालकोटाच्याच आवाजात बोलायचं, हसायचं, खोकायचं, म्हणजे गाताना तो वेगळा आणावा लागत नाही. तुला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही, कारण तुलाही तेच सांगितलंय, हो ना? रविवारी तू दारातच शिंकलास तेव्हाच मी ओळखलं. ती शिंक आपल्या घराण्यातली नव्हती.

आणि आम्ही काय केलं असेल? आम्ही हसलो. घरात इतकी मजा पुन्हा कधी आली नाही. जेवताना बाबा त्या आवाजात मीठ मागायचे, शब्दाची शेपटी लांबच लांब ओढून, मध्येच घशात तो उचकीसारखा झटका देऊन, आणि माझ्या नाकातून पाणी यायचं. आई मुद्दाम मीठ लांब ठेवायची, पुन्हा मागावं म्हणून. पदर सावरत सही मागायची त्यांच्याकडे. मी झोपताना गोष्टसुद्धा त्याच आवाजात सांगा म्हणून हट्ट धरायचे. तू तेव्हा एवढासा होतास आणि अजून एक शब्द बोलत नव्हतास. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, बाबांनी तर तुझं नावच घुम्या ठेवलं होतं. आणि एके दिवशी जेवताना तू पहिल्यांदा तोंड उघडलंस आणि स्पष्ट म्हणालास, मीठ दे. तीच लांब शेपटी, तोच झटका. आईने तुला उचलून अख्ख्या घरात नाचवलं. तू बोललास याचाच आनंद इतका झाला, की बोललं कोण हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही.

मग शेवटचं गाणं झालं. त्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले, स्टुलावर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागले आणि काहीतरी म्हणाले. आई म्हणाली, पुरे आता, काम संपलं ना, नीट बोला. बाबांनी प्रयत्न केला. मी समोरच बसले होते, मी बघितलं. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि बाहेर आला तो लालकोट. बाबा स्वतःवरच हसले, तर हसला तोही लालकोट. सवय लागली आहे, चार दिवसांत जाईल, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. डॉक्टरांनी घशात टॉर्च मारून बघितलं, घसा ठणठणीत होता. पण दुसऱ्या दिवशी ते पाटी रंगवायला बसले आणि मी नेहमीसारखी पाठ फिरवून डोळे मिटले, तर नुसता ब्रशचा आवाज. खाली नाही, वर नाही, काहीच नाही. मी वळून बघितलं, ते खरंच रंगवत होते की नाही ते.

त्यांनी बोलणं सोडलं ते एका अगदी साध्या गोष्टीवरून. ते आंघोळीला गेले होते आणि टॉवेल विसरले होते. त्यांनी आतून आईला हाक मारली. आई स्वयंपाकघरात होती, हातातलं काम तसंच ठेवून तिने घाबऱ्या आवाजात विचारलं, कोण आहे? स्वतःच्या नवऱ्याला, स्वतःच्या घरात. क्षणात तिच्या लक्षात आलं, ती धावली, दार वाजवून माफी मागितली, पण बाबा बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले ते थेट माझ्याकडे, आणि हाताने खूण करून त्यांनी माझी शाळेची पाटी मागितली. मी दिली. त्यानंतर तू जे बाबा पाहिलेस ते हेच.

पुढे रेकॉर्ड घरी आली. बाबांनी ती ऐकली नाही, ते फिरायला निघून गेले. आईने लावली. पहिलं गाणं झालं, लालकोट धडाक्यात गायला, मला तर पायाने ठेका धरावासा वाटला. मग गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधीची ती कोरी जागा आली, जिथे फक्त सुईची खरखर असते. आईची मान एकदम वर झाली. तिने सुई उचलली आणि पुन्हा त्याच जागी ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग मलाही ऐकू आलं. खरखरीच्या खाली, लांब कुठेतरी, घोगरा, एकटा एक सूर. खाली येत होता, वर चढत होता, मध्येच एक टिंब. डोळे न मिटतासुद्धा मला कळलं की अक्षर चाललंय.

आईचं खूळ म्हणून तू ज्याची थट्टा करायचास ते हे. ती गाणी कधीच लावायची नाही, फक्त मधल्या जागांवर सुई टेकवायची, आणि टेबलक्लॉथवर बोट फिरवत बसायची. ती काय लिहिते असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, मी नाही लिहीत, ते लिहितात, तुमची नावं लिहितात, सारखी तीच. आत्ता मी रेकॉर्ड उजेडात धरून बघितली. गाण्यांचे पट्टे अजून काळे कुळकुळीत आहेत, नव्यासारखे, आणि मधल्या जागा झिजून पांढुरक्या पडल्यात. तुला तिथे कधी काही ऐकू आलं नाही, आणि आता मला त्याचं कारण कळतं. ज्याचा आवाज कधी ऐकलाच नाही, तो तू ओळखणार कसा? तू मात्र मित्राकडच्या कॅसेटवरून ती सगळी गाणी शिकलास आणि घरभर म्हणत फिरायचास, आणि आई उठून बाहेर जायची. तुला वाटायचं तिला तुझं गाणं आवडत नाही. तिला तू गाताना आवडायचास रे, फार आवडायचास. तिला फक्त तो लालकोटाचा आवाज तुझ्याही तोंडून ऐकवत नव्हता.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, तुला माहीत आहे. लोकांचे कान तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ज्यांना ऐकू येत नाही ते येतं म्हणून सांगतात आणि ज्यांना येतं ते नाही म्हणतात, यातच माझा दिवस जातो. म्हणून एकदा मी रेकॉर्ड हॉस्पिटलात नेली, आमच्या त्या कापसासारख्या शांत खोलीत बसून हेडफोन लावून ऐकली, आणि मग कानाच्या डॉक्टरांना ऐकवली. ते म्हणाले, खरखर आहे. मी म्हटलं, खरखरीच्या खाली? ते म्हणाले, खाली काही नाही, पण तुमचेच कान एकदा तपासून घ्या. घेतले. लहान पोरीचे असावेत इतके चांगले निघाले.

बाबा गेले तेव्हा तू परगावी गाण्याच्या दौऱ्यावर होतास, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती आणि पाटी हातातून सुटली होती, त्यामुळे इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून पुन्हा आवाज आला. लालकोट लोकांचे आभार मानत होता. टाळ्यांसाठी थांबायचा, मग पुन्हा आभार. नर्सला वाटलं, काय सभ्य माणूस आहे. मी एकटीच होते खोलीत. आई घरी होती, रेकॉर्डजवळ. नातेवाइकांनी तिला खूप नावं ठेवली. ती मला एवढंच म्हणाली की मी त्यांच्याजवळच होते. आई गेल्यावर मी एकदा सुई टेकवली, आता तरी थांबले असतील असं वाटून. बाबा अजून लिहीतच होते. ते गेले हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. त्यानंतर मी रेकॉर्ड कपाटात ठेवली ती आजवर खाली काढली नव्हती.

आता रविवारचं. तुझ्यासाठी अंडी उकडली होती, तू समोर बसून सोलत होतास आणि स्टुडिओच्या गमती सांगत होतास. मध्येच म्हणालास, मीठ दे. ती शेपटी, तो झटका. आणि मी हसले, सवयीने, नाकातून पाणी येईपर्यंत. तेवढ्यात फोन वाजला. मी पॅसेजमध्ये गेले, रिसीव्हर उचलला. तिकडून तू बोललास. तुझा खरा आवाज, गेल्या महिन्याभरात मी न ऐकलेला. घाईचा, पहिल्या शब्दाला अडखळणारा, वाक्याचा शेवट गिळणारा. ताई, मी आहे, घुम्या, असं म्हणालास. मग म्हणालास, इथे कोणी नाहीये. गाणं संपलं की सगळे निघून जातात आणि पुढचं सुरू व्हायला किती वेळ आहे ते कोणी सांगत नाही. पलीकडे कोणीतरी गुणगुणतंय, पण मला त्यांची ओळख नाही, त्यांच्याजवळ जाऊ का? पॅसेजमधून स्वयंपाकघर सरळ दिसतं, तुला माहीत आहे. तिथे तू बसला होतास, अंड्याचं टरफल बोटाने गोळा करत होतास, आणि त्या दुसऱ्याच्या आवाजात शीळ घालत होतास. मी फोनमध्ये म्हटलं, ते आपले बाबा आहेत, जा त्यांच्याजवळ, पण फार लांब जाऊ नकोस. मग रिसीव्हर ठेवला आणि तुला राँग नंबर म्हणून सांगितलं.

तेव्हापासून रोज दुपारी त्याच वेळेला फोन येतो. म्हणून हे पत्र, घुम्या, फोन नाही. मी फोन केला तर तिकडे उचलेल कोण? आवाजाचा मला आता भरवसा उरलेला नाही. अक्षराचा आहे. बाबांचं सगळं गेलं, शिंक गेली, हसू गेलं, पण पाट्यांवरचं अक्षर शेवटपर्यंत त्यांचंच राहिलं, आणि तुला अक्षरं त्यांनीच गिरवायला शिकवली. उभ्या रेघेला खाली एक नको असलेली शेपटी काढतोस ना, मास्तर त्यावरून ओरडायचे, ती बाबांची आहे. ते शेवटचं गाणं गाऊ नकोस. कंपनी चिडेल, कोर्टात खेचेल, खेचू दे, मी बघते. स्वतःच्या हाताने मला दोन ओळी लिही, मी ती शेपटी बघून ओळखीन. अजून एक गाणं बाकी आहे म्हणूनच तुझा आवाज फोनपर्यंत पोचतोय, असं मला वाटतं. गाणं झालं की मग फक्त सुईनेच भेटेल, आणि माझ्या हातात आईसारखा धीर नाही. या चार दिवसांत एकच विचार मला छळतोय, की तेव्हा बाबांनीसुद्धा असाच घरी फोन केला असेल का? आपल्याकडे तेव्हा फोन नव्हता. असो, आत्ता तो वाजायला लागलाय, तुझी वेळ झाली. उचलते, आणि तुला सांगते की पत्र लिहून झालंय, तू ते वाचशील, घाबरू नकोस, तोवर बाबांचा हात धरून बस.

तुझीच, दोन्हीकडची,
ताई